डोंगरावरील हिमगाडीचा तोल

ज्यांनी स्वतः बैलगाडी हाकली असेल, किंवा निदान टांग्यातून ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना 'उलाळ' आणि 'धुरजड' हे दोन शब्द समजावून सांगण्याचे कारण नाही. परंतु शहरांतील घरांतून हे शब्द आता नाहीसे होत चालले आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. गाडीतील ओझे आसाच्या मागे अधिक झाले की जू वर उचलले जाते, गळ्याखालच्या दोऱ्या बैलांना काचू लागतात, आणि चढावर तर गाडी मागच्या मागे कलंडते की काय अशी भीती वाटते. अशी गाडी उलाळ झाली. उलट, ओझे पुढे अधिक झाले की सारा भार बैलांच्या मानेवर येतो, ते माना खाली घालून चालतात आणि वळता वळत नाहीत. ही गाडी धुरजड. माझे वडील बाजाराच्या दिवशी पोती भरून झाली की एका हाताने जू उचलून पाहत, आणि एखादे पोते वीतभर मागे किंवा पुढे सारीत. तेवढ्याने काम होई.

आज मी ज्या वाहनाविषयी बोलणार आहे त्याला बैल नाहीत, जू नाही आणि चालायला रस्ताही नाही. तथापि या दोन शब्दांखेरीज त्याचे वर्म मला कळले नसते. कॅनडा देशाच्या पश्चिमेस ब्रिटिश कोलंबिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथे रेव्हलस्टोक या गावी माझी कन्या व जावई राहतात. मी निवृत्त झाल्यावर दोन हिवाळे त्यांच्याकडे काढले. गावाच्या चहूकडे उंच पर्वत असून हिवाळ्यात त्यांवर माणसाच्या उंचीहून अधिक बर्फ साचते, आणि रविवार आला की निम्मे गाव स्नोमोबाईल घेऊन त्या पर्वतांवर जाते. स्नोमोबाईल म्हणजे बर्फावर धावणारे मोटारीचे वाहन. मी त्याला हिमगाडी म्हणेन. काश्मिरात गुलमर्गला जाऊन आलेल्यांनी तिची बहीण पाहिली असेल. मात्र ती दाबून घट्ट केलेल्या बर्फावर चालणारी. डोंगरावरच्या भुसभुशीत बर्फासाठी निराळी जात लागते.

या वाहनाचा जन्म कशातून झाला ते ऐकण्यासारखे आहे. क्विबेक प्रांतातील व्हालकूर गावी जोसेफ-आर्मां बोंबार्दिए नावाचा एक यंत्रज्ञ होता. वयाच्या पंधराव्या वर्षी, १९२२ साली, त्याने जुन्या फोर्ड गाडीचे एंजिन व विमानासारखा पंखा जोडून बर्फावरची पहिली गाडी चालविली होती. पण १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा आजारी पडला, रस्ते बर्फाने बुजलेले असल्यामुळे त्याला इस्पितळात नेता आले नाही, आणि तो दगावला. १९३७ साली बोंबार्दिएला दातेरी चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळाले. १९५९ मध्ये त्याने एकदोघांनी बसण्याची लहान हिमगाडी बाजारात आणली. आज मौजेसाठी वापरले जाणारे हे वाहन मुळात डॉक्टरापर्यंत पोहोचण्याच्या निकडीतून पुढे आले.

आता रचना. माझ्याजवळ येथे फळा नाही व खडू नाही, तेव्हा आपण डोळे मिटून चित्र काढावे. पुढे दोन स्की, म्हणजे टोकाशी वर वळलेल्या घसरत्या फळ्या. त्या हॅंडलने वळतात. मागे चाकांऐवजी रबराचा एक अखंड पट्टा. डोंगरी गाडीत तो सुमारे १६५ इंच लांबीचा, १५ किंवा १६ इंच रुंद असतो, आणि त्यावर अडीच ते तीन इंच उंचीच्या रबरी आडव्या पट्ट्या असतात. वल्हे जसे पाणी मागे लोटते तशा त्या बर्फ मागे लोटतात. पट्ट्याच्या आत दोन लांब समांतर दांडे असून त्यांच्या तळाशी गुळगुळीत प्लॅस्टिक बसविलेले असते. पट्टा त्या प्लॅस्टिकवरून घसरत फिरतो, आणि उडणारे बर्फच त्याला थंडावा व वंगण पुरविते. उघड्या कडक बर्फावर फार वेळ गाडी हाकली तर प्लॅस्टिक चक्क वितळते! फार पूर्वीच्या हिमगाड्यांत दांड्यांच्या जागी लहान चाकांच्या रांगा असत.

हे दांडे गाडीच्या धडाला दोन लोखंडी भुजांनी जोडलेले असतात, एक पुढची व एक मागची. प्रत्येक भुजेपाशी एक स्प्रिंग व एक धक्काशोषक, ज्याला आपल्याकडील मेकॅनिक शॉकअप म्हणतात. शिवाय पुढच्या भुजेपाशी एक जाड, भोके पाडलेली पट्टी असते. पुढची भुजा किती उघडावी याला ती मर्यादा घालते. मी तिला लगामपट्टी म्हणतो. मागची स्प्रिंग, पुढची स्प्रिंग आणि लगामपट्टी, एवढ्या तिघांच्या हाती गाडीचा तोल असतो.

सामान्य माणसाची समजूत अशी की स्प्रिंगा कशासाठी, तर धक्के बसू नयेत म्हणून. मोटारीत ते खरे आहे. पण डोंगरी हिमगाडी ज्या ताज्या बर्फात चालते ते कापसाच्या गादीसारखे असते. एक घनमीटर पाण्याचे वजन १००० किलो, तर तेवढ्याच ताज्या कोरड्या बर्फाचे ५० ते १०० किलो. तेथे धक्के कसले! तेथे प्रश्न बुडण्याचा असतो. गाडीचे वजनच दोनशे किलोंच्या घरात, त्यावर माणूस. लांब पट्टा सपाट टेकला तर हा सारा भार एवढ्या मोठ्या जागेवर पसरतो की, माणूस जेथे कमरेपर्यंत रुतेल तेथे गाडी तरंगते. तोच पट्टा तिरका होऊन शेपटीवर उभा राहिला तर तेवढाच भार थोड्या जागेवर येतो, आणि पट्टा फिरत फिरत स्वतःची खाचर खणतो. म्हणून डोंगरावर स्प्रिंगांचे काम मुख्यतः भार कोठे ठेवावा हे ठरविणे आहे.

यात आणखी एक गोष्ट मिळवावी लागते. सायकलवर चढावाला जोराने पेडल मारले की पुढचे चाक हलके होते, हे आपण अनुभवले असेल. हिमगाडीतही अंगठ्याने खटका दाबून एंजिनला जोर दिला की पुढचा भाग उचलू पाहतो आणि भार मागच्या भुजेवर सरकतो. थोडा सरकावाच; त्यावाचून स्की बर्फावर चढणार नाहीत, नांगराच्या फाळासारख्या आत शिरतील. पण फार सरकला तर गाडी उलाळ. पुढचा भाग उचलू लागला म्हणजे पुढची भुजा उघडते, आणि लगामपट्टी ताणली जाईपर्यंतच उघडू शकते. पट्टी आखूड केली तर स्की खाली राहतात, वळणाला पकड चांगली मिळते, पण हॅंडल जड होते. लांब सोडली तर स्की हलक्या, हॅंडल सुलभ, पण तीव्र चढावर तोंड आकाशाकडे. पुढच्या स्प्रिंगचा ताण वाढविला तरी स्कींवरील भार कमी होतो, कारण ती गाडीचे धड मधूनच उचलून धरते. आणि मागची स्प्रिंग? ती फार सैल असेल तर शेपूट बसते व गाडी उलाळ होते. फार ताठ असेल तर शेपूट उंच राहून सारा भार स्कींवर येतो, म्हणजे धुरजड.

हे सारे मी पुस्तकातून शिकलो असतो तर आज येथे बोललो नसतो. घडले ते असे. जावईबापूंनी एक जुनी डोंगरी हिमगाडी माझ्या मुलीसाठी विकत घेतली. आधीचा मालक शंभर किलोंच्या वर वजनाचा आडदांड गृहस्थ होता. माझी मुलगी ५४ किलोंची. कपडे, शिरस्त्राण व पाठीवरची पिशवी धरून ६४. पहिल्या रविवारी ती गाडी घेऊन गेली आणि संध्याकाळी दंड धरून परत आली. हॅंडल वळत नाही, उतरणीला तोंड खाली घालते, आणि डोंगराच्या कुशीतून आडवे जाताना गाडी आपल्या मनानेच खाली झाडांकडे घसरते, अशी तिची तक्रार. दुसऱ्या रविवारी ती खरोखरच एका देवदाराच्या बुंध्यापासून दोन हातांवर थांबली. हे तिने मला सांगितले नाही, शेजाऱ्याकडून कळले.

आडवे जाणे हा या खेळातील कठीण भाग आहे. त्या वेळी माणूस वरच्या अंगाच्या पायरीवर उभा राहतो, गाडी स्वतःकडे कलती करतो, आणि पट्ट्याच्या एका कडेवर ती चालवितो. त्यात चूक झाली तर गाडी उताराकडे वळते, आणि उतार कोठे नेईल हे सांगता येत नाही. कोणी म्हणाले, बायकांच्या हातात तेवढा जोर नसतो. कोणी म्हणाले, सवयीने जमेल. जावईबापू काही बोलले नाहीत, पण गाडी विकावी असे त्यांच्या मनात आलेले दिसले. मुलगी मात्र मुकाट्याने रोज दंडाचे व्यायाम करू लागली. चौतीस वर्षे शाळेत घालविल्यामुळे मला हा प्रकार ओळखीचा वाटला. बाक उंच असला की लहान मुलाचे अक्षर वाकडे येते, आणि आपण मुलाला मारतो.

मी म्हणालो, "बाई, तू गाडीवर उभी राहा. मला टेप द्या."

मापण्याची रीत सोपी आहे. एंजिन बंद. मागचा बंपर धरून गाडी एवढी उचलावी की पट्टा जमिनीला नुसता टेकेल, पण स्प्रिंगांवर भार राहणार नाही. त्या स्थितीत जमिनीपासून बंपरची उंची मोजावी. मग गाडी सोडून, ज्याने ती हाकायची त्याने पूर्ण पोशाखात व पिशवीसह, हाकताना जसा उभा राहतो तसे उभे राहावे. मागचा भाग दोन वेळा दाबून सोडावा, म्हणजे सांध्यांतील घर्षणाने माप चुकत नाही. पुन्हा उंची मोजावी. दोहोंतील फरकाला आपण 'बैठक' म्हणू. किती बैठक असावी हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. या गाडीच्या पुस्तकात दोन ते तीन इंच होते, काही गाड्यांत याहून अधिक असते. मुलीची बैठक निघाली पाऊण इंच! पहिला मालक उभा राहिला असता तर ती बेताची आली असती. लगामपट्टीही त्याने दोन भोके आखडून ठेवलेली होती, कारण त्याच्या वजनाने गाडी उलाळ होत असणार. त्याने आपल्यापुरते सर्व बरोबर केले होते. तेच माझ्या मुलीपुरते दोन्हीकडून चुकले होते. बैलांच्या मानेवर चार पोती, आणि दोष बैलांचा!

मागच्या स्प्रिंगवर आट्यांचे कडे असते. ते फिरविले की स्प्रिंग आधीपासून अधिक किंवा कमी दाबलेली राहते. येथे एक घोटाळा पुष्कळांचा होतो, तो सांगून टाकतो. कडे आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम आपण शाळेत शिकलो: जेवढा भार तेवढा दबाव. समजा, एक स्प्रिंग एक इंच दबण्यास १०० पौंड लागतात. ती आधीच एक इंच दाबून बसविली तर पहिले १०० पौंड पडेपर्यंत ती हलणार नाही. पण त्यानंतरच्या प्रत्येक १०० पौंडांना पूर्वीप्रमाणेच एक इंच दबेल. सुरुवात बदलली, स्वभाव बदलला नाही. म्हणून माणूस फारच हलका किंवा फारच जड असेल तर कडे फिरवून भागत नाही, स्प्रिंगच बदलावी लागते. कडे सैल करतानाही स्प्रिंग जागेवर खुळखुळेल इतके करू नये.

आमचे सुदैवाने कड्यावर भागले. दोन फेरे सैल, पुन्हा माप; आणखी दोन, पुन्हा माप. असे करीत सव्वादोन इंचांवर आलो. लगामपट्टीला त्या दिवशी मी हात लावू दिला नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झाले हे कळत नाही. हा नियम प्रयोगशाळेचा असला तरी गॅरेजातही चालतो. मुलीने एक वही केली: तारीख, बर्फ कसे, कड्याचे माप, पट्टीचे भोक, आणि गाडी कशी वागली.

रविवारी ती परतली तेव्हा दंड धरलेला नव्हता. "बाबा, हॅंडल वळते, पण मऊ बर्फात स्की अजून आत शिरतात," एवढेच म्हणाली. मग पट्टी एक भोक सोडली. गाडीला दोन पट्ट्या असतील तर दोन्ही एकाच भोकात हव्यात, नाही तर दांडे वाकडे ओढले जातात. पुढच्या खेपेस तिने डोंगराच्या कुशीतून आडवी रेघ ओढली. ती रेघ मी दुर्बिणीतून पाहिली, आणि पुष्कळ वेळ पाहत राहिलो.

येथे गोष्ट संपती तर बरे होते. एक भोक सोडल्याने एवढे सुख, तर आणखी एक सोडून पाहू, असे जावईबापूंच्या मनात आले. शिवाय त्यांनी मागचे कडेही थोडे उतरविले आणि वहीत काही लिहिले नाही. डिसेंबर अखेरचे दिवस. तेथे दुपारी चारच्या सुमारास अंधारू लागते. एका तीव्र चढावर मुलीने खटका दाबताच स्की हवेत गेल्या, शेपूट रुतले, आणि पट्ट्याने कमरेएवढा खड्डा खणला. फावड्याने ती गाडी काढायला दोघांना दीड तास लागला. तेथील जाणती माणसे सांगतात की, हिमलोट कोसळण्याजोग्या उतारावर एका वेळी एकानेच जावे, आणि रुतलेल्याच्या मदतीला दुसऱ्याने वर धावू नये. त्या दिवशी उतार त्यांतला नव्हता, हे दैव. परत आल्यावर जावईबापूंनी स्वतःच पाना उचलला आणि पट्टी एक भोक मागे घेतली. मी शिक्षकी पेशाला शोभेल असे काहीही बोललो नाही.

धक्काशोषकाविषयी दोनच शब्द. त्याच्या नळीत तेल व दट्ट्या असून तो स्प्रिंगच्या हालचालीचा वेग आवरतो; बैठक किती, हे तो ठरवीत नाही. म्हणून त्याच्या कळा शेवटी फिरवाव्यात. मात्र काही गाड्यांत स्प्रिंगेऐवजी नळीत कोंडलेली हवाच भार पेलते, आणि जावईबापूंची स्वतःची गाडी तशी होती. ते उबदार गॅरेजात, १५ अंश उष्णतेत, पंपाने १०० पौंड दाब भरीत. डोंगरावर शून्याखाली २० अंश. निरपेक्ष मापाने पहिले तापमान २८८, दुसरे २५३. आमच्या जुन्या वर्गातील कोणाही मुलाने हे त्रैराशिक सोडविले असते: वातावरणाचा दाब जमेस धरून काट्यावर उरतात सुमारे ८६ पौंड. म्हणजे घरी बरोबर मापलेली गाडी डोंगरावर पोहोचेपर्यंत आपोआप उलाळ! तेव्हापासून ते गाडी रात्रभर अंगणात ठेवतात आणि सकाळी थंडीतच दाब पाहतात. उबदार घर सोडून हे करावे लागते म्हणून कुरकुर करतात, पण करतात.

गेल्या आठवड्यात मुलीचा फोन आला होता. तिने या हिवाळ्यासाठी हिमलोटात उपयोगी पडणारी फुग्याची नवी पिशवी घेतली आहे. फावडे व इतर सामान धरून ती जुनीपेक्षा चार किलो जड आहे. कडे एक फेरा आवळू का, असे ती विचारीत होती. मी म्हटले, पिशवी पाठीवर घे, अंगणात गाडीवर उभी राहा, आणि माप काय येते ते मला कळव.